वाचकांचे प्रश्न: उरलेलं पाणी, रिकाम्या बाटल्या आणि किनारा

या वेळच्या बहुतेक पत्रांत बाटलीच्या प्लास्टिकबद्दल विचारलं आहे. आतल्या पाण्याबद्दल मात्र एकाच वाचकाने लिहिलं. आमच्या मते खरी अडचण तिथूनच सुरू होते, म्हणून ते पत्र आधी घेतलं आहे.

प्रश्न: सभा-संमेलनांनंतर अर्धवट प्यायलेल्या शंभर-दीडशे बाटल्या मागे राहतात. आम्ही त्या गोणीत भरून पुनर्वापरासाठी देतो, पण घेणारे कुरकुर करतात. प्रत्येक बाटली रिकामी करत बसायलाच हवं का?

हो, करायलाच हवी. त्यांच्या कुरकुरीमागे साधं गणित आहे. अर्ध्या लीटरची रिकामी बाटली साधारण १० ते २० ग्रॅम भरते. ती निम्मी भरलेली असेल तर आत २५० ग्रॅम पाणी असतं. शंभर बाटल्यांच्या गोणीत एक ते दोन किलो प्लास्टिक आणि २५ किलो पाणी झालं. उचलणारा पाठीवर पाणी वाहतो, गाडी इंधन जाळून पाणी वाहते, आणि शेवटी ते पाणी गटारातच ओततात.

छाननीच्या ठिकाणी गोष्ट आणखी बिघडते. सरकत्या पट्ट्यावर अवरक्त किरणांनी बाटली कोणत्या प्लास्टिकची आहे ते ओळखतात आणि पट्ट्याच्या टोकाला हवेच्या झोताने ती बाजूच्या खणात उडवतात. तो झोत रिकाम्या बाटलीच्या वजनाला जुळवलेला असतो. पाव किलोची बाटली त्याने हलत नाही, सरळ खाली, नको असलेल्या कचऱ्यात पडते. तिथूनही निसटून गठ्ठे बांधणाऱ्या दाबयंत्रात गेलीच, तर घट्ट झाकणाची बाटली फुटते आणि आजूबाजूचा कागद-पुठ्ठा भिजतो. म्हणजे एका बाटलीतल्या पाण्यामुळे दुसराच चांगला माल वाया जातो.

काम सोपं होतं ते मांडणीने. बाहेर पडायच्या दाराशी आधी बादली ठेवा आणि तिच्या पुढे दोन पावलांवर गोणी. क्रम उलटा ठेवला तर माणूस बाटली गोणीत टाकून मोकळा होतो, बादलीकडे वळूनही पाहत नाही. बादलीच्या तोंडावर जाळी किंवा मोठ्या भोकांची चाळणी बसवा, नाहीतर सीलच्या पट्ट्या आणि झाकणं आत पडतात आणि ते पाणी झाडांना घालता येत नाही. वीस लीटरची बादली १४-१५ लीटरच्या वर भरू देऊ नका, कारण काठोकाठ भरलेली बादली कोणी उचलत नाही. सरबत किंवा सोडा उरत असेल तर त्याला वेगळी बादली हवी. साखरेचं पाणी कुंडीत गेलं की मुंग्या येतात. साधं पाणी झाडांना, फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. पिण्यासाठी ते पुन्हा कोणालाही देऊ नका, त्याला अनेकांची तोंडं लागलेली असतात.

रिकामी बाटली आडवी धरून, झाकण सैल असताना दाबायची, हवा निघाली की झाकण पिळून घट्ट करायचं. आधी झाकण लावून दाबलीत तर ती पुन्हा फुगते. आणि उभी धरून पार चकतीसारखी चपटी करू नका. कागद आणि बाटल्या आकारावरून वेगळ्या करणारं यंत्र अशा बाटलीला कागद समजतं. जिथे अनामत रक्कम परत मिळण्याची यंत्रं आहेत तिथे बाटली मुळीच दाबू नये. यंत्र बारकोड वाचतं, आणि चुरगळलेला बारकोड वाचता आला नाही की बाटली परत येते.

प्रश्न: पाणी उरूच नये म्हणून लहान बाटल्या आणल्या तर?

पाणी कमी वाया जाईल, प्लास्टिक मात्र वाढेल. बाटली लहान झाली तरी मान आणि झाकण त्याच मापाचं राहतं, आणि बाटलीतलं सगळ्यात जाड प्लास्टिक मानेतच असतं. पाव लीटरच्या दोन बाटल्यांना अर्ध्या लीटरच्या एका बाटलीपेक्षा जास्त प्लास्टिक लागतं.

त्यापेक्षा मोठं भांडं आणि नळ बरा. हिशोब असा करा. सावलीत बसून ऐकणाऱ्या माणसाला तासाला एक पेला पुरतो. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला लागतो, म्हणजे तासाला पाऊण लीटर, कडक ऊन असेल तर एक लीटर. साठ माणसं तीन तास किनारा साफ करणार असतील तर ६० गुणिले ३ गुणिले पाऊण, म्हणजे १३५ लीटर. वीस लीटरचे सात जार झाले. हेच पाणी अर्ध्या लीटरच्या बाटल्यांनी द्यायचं तर २७० बाटल्या उघडल्या जातील.

जारची व्यवस्था फसते ती रांगेमुळे. बारीक नळ आणि पन्नास तहानलेली माणसं असली की कोणीतरी गाडीतून बाटल्यांचं खोकं काढतंच. दर २५-३० माणसांमागे एक नळ ठेवा, आणि येताना स्वतःची बाटली भरून आणा असं निमंत्रणातच लिहा. जार सावलीत, जमिनीपासून उंचावर ठेवा. उघडलेला पारदर्शक जार रोज उन्हात राहिला तर आतून हिरवा धरायला लागतो. पर्याय नसला आणि बाटल्याच द्याव्या लागल्या तर खोक्याजवळ दोरीला मार्कर बांधून ठेवा. झाकणावर नाव लिहिलेली बाटली माणूस परत उचलतो. बिननावाच्या चार बाटल्या शेजारी-शेजारी राहिल्या की आपली कोणती ते कळत नाही आणि पाचवी उघडली जाते.

प्रश्न: गाडीत राहिलेल्या सीलबंद बाटल्या आम्ही फेकून देतो. चूक करतो का?

किती तापल्या आणि किती दिवस, यावर आहे. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या असतात ते पेट प्लास्टिक तयार करताना बहुतेक वेळा अँटिमनी या मूलद्रव्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्याचा अगदी थोडा अंश पाण्यात उतरतो आणि उष्णतेने तो वेग झपाट्याने वाढतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यातलं अँटिमनी तिथल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे लीटरला ६ मायक्रोग्रॅमच्या वर जायला ६० अंश सेल्सिअसला १७६ दिवस लागले, ६५ अंशांना ३८ दिवस आणि ८० अंशांना २.३ दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा २० मायक्रोग्रॅम आहे. एका दुपारी गाडीत राहिलेली बाटली फेकायचं म्हणूनच कारण नाही. महिनोन्‌महिने काचेमागे भाजत पडलेलं खोकं पिऊ नका, झाडांना घाला.

पेट्रोल, रंग, थिनर किंवा फिनेलच्या शेजारी ठेवलेली बाटली सील न तोडताही वास धरते. ती नकोच. तोंड लावून प्यायलेली बाटली त्याच दिवशी संपवा. आणि ती उकळत्या पाण्याने धुऊन वर्षभर वापरायचा हट्ट सोडा. पेट ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, बाटली वाकडी होते, आणि अरुंद मानेतून आतला बुळबुळीत थर घासूनही निघत नाही.

प्रश्न: झाकण काढून टाकायचं की लावून? दोन्ही सल्ले ऐकले आहेत.

दोन्ही सल्ले आपापल्या काळात बरोबर होते. पूर्वी हाताने छाननी व्हायची. झाकण लावलेल्या बाटलीत हवा अडकायची, गठ्ठा नीट दबायचा नाही, म्हणून झाकण काढा म्हणत. आता बहुतेक कारखाने बाटली झाकणासकट दळतात. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून तुकडे धुतात आणि मग पाण्याच्या टाकीत सोडतात. पाण्याची घनता १ धरली तर पेटची १.३८ आहे, ते बुडतं. झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या हलक्या प्लास्टिकांचं असतं, घनता ०.९० ते ०.९६, ते तरंगतं. वरचं खरवडून घ्यायचं, खालचं खालून काढायचं, इतकं ते सरळ आहे. तेव्हा पाणी ओतून, हवा काढून, झाकण लावूनच द्या. सुटं झाकण छाननीच्या जाळीतून खाली पडतं आणि हरवतं.

घात करतं ते बाटलीवर गुंडाळलेलं पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकचं आवरण. त्याची घनता पेटच्या जवळपास असल्यामुळे तेही बुडतं आणि टाकीत वेगळं होत नाही. पुढे पेट वितळवायला २५० अंशांच्या वर तापवतात तेव्हा पीव्हीसी करपतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि सगळा घाणा पिवळा-तपकिरी होतो. बाटलीभर ताणून बसवलेलं आवरण ओढून निघत असेल तर काढून टाका. कागदाचं किंवा पातळ पट्टीसारखं लेबल काढत बसायची गरज नाही.

प्रश्न: किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा झाकणंच जास्त का सापडतात?

उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५. झाकण त्याहून हलकं, ते कधीच बुडत नाही, लाटांबरोबर फिरत फिरत पुळणीवर येतं. बाटली तरंगते ती आतल्या हवेवर. झाकण निघालं, पाणी शिरलं की ती तळाला जाते आणि आपल्याला दिसेनाशी होते. किनाऱ्यावर मोजलेल्या बाटल्या म्हणजे बहुतेक झाकण लावून टाकलेल्या बाटल्या.

शाळेत हा प्रयोग सहज करता येतो. एक लीटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. एकाच बाटलीचं झाकण, मानेवरची कडी, लेबलचा तुकडा आणि अंगाचा नखाएवढा तुकडा कापून त्यात टाका. अंगाचा तुकडा सुरुवातीला वर राहील, कारण त्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला असतो. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, काडीने तुकडा पाण्याखाली ढकला आणि सोडा. तो हळूच हेलकावे खात तळाला जाईल. झाकण कितीही वेळा दाबलं तरी वर येईल.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशामुळे ३ जुलै २०२४ पासून तिथे तीन लीटरपर्यंतच्या एकदाच वापरायच्या पेय-बाटल्यांचं झाकण उघडल्यावरही बाटलीला जोडलेलं राहणं बंधनकारक आहे. पिताना ते नाकाला लागतं अशी तक्रार होते. पूर्ण मागे वाकवून टक्‌ होईपर्यंत ढकललं की लागत नाही.

प्रश्न: आमचा पंचवीस-तीस जणांचा गट किनारा साफ करणार आहे. नेमकी पद्धत सांगाल का?

वेळेपासून सुरुवात करू. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. भरती ओसरायला लागल्यावर दीड-दोन तासांनी काम सुरू करा, म्हणजे ओहोटीपर्यंत चार तास हातात राहतात. दिवस निवडताना अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस बघा. उधाणाचं पाणी त्या तिथीच्या आसपास किंवा नंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत वर चढतं आणि वरच्या रेषेवर साठलेला कचरा परत समुद्रात नेतं. उधाण येऊन गेल्यावर साफ करायला जाणं म्हणजे अर्धा कचरा गमावणं.

पुळणीवर वाळक्या शेवाळाच्या एकाआड एक दोन-तीन रेषा दिसतात. सगळ्यात वरची आधी घ्या, मग खाली या. शेवाळ, लाकडं, शंख जागेवरच ठेवायचे. त्याखाली किडे राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात, आणि वाळू धरून ठेवायचं कामही तेच करतं. दंताळं ओढून सगळं सपाट करणं ही किनाऱ्याची सफाई नव्हे. कासवांच्या विणीचा हंगाम असेल तर वरच्या कोरड्या वाळूत खणू नका आणि यंत्र मुळीच आणू नका. झुडपांच्या मुळांत रुतलेली बाटली उपटून येत नसेल तर तिथेच सोडा, मुळं तुटली की वाळू सुटते.

सामान: जाड रबरी हातमोजे (पातळ मोजे काचेने फाटतात), बंद बूट, लांब चिमटे, आणि पिशव्यांऐवजी बादल्या. बादलीच्या तळाला ३-४ मिलिमीटरची दहा-बारा भोकं पाडा, वाळू आणि पाणी आपोआप गळतं. कचरा गोळा करायला नव्या प्लास्टिकच्या पिशव्या विकत आणू नका, धान्याच्या जुन्या गोण्या चालतात. गोणी १० किलोच्या वर नको. काच आणि सुयांसाठी जाड भिंतीचा, झाकणाचा डबा वेगळा. चार-चार जणांच्या तुकड्या करा. तिघे उचलतील, चौथा फक्त लिहील. मोजणीसाठी किनाऱ्याचा १०० मीटरचा एकच पट्टा दोन्ही टोकांच्या ठळक खुणांनी ठरवा आणि दर वेळी तोच मोजा. दर वेळी जागा बदलली तर आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

आता बाटल्या. उचलण्याआधी तोंडाशी वाकून आत बघा. वाळूत तिरक्या रुतलेल्या, तोंड वर असलेल्या बाटलीत शंखात राहणारे संन्यासी खेकडे शिरतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर चढता येत नाही. आत एक मेला की रिकामा शंख मिळेल म्हणून त्या वासाने दुसरे येतात. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर आणि प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच डब्यात ५२६ खेकडे सापडले होते. बाटलीत जिवंत काही असेल तर तोंड उताराकडे करून ती सावलीत आडवी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. आपटू नका.

आणि आतलं पाणी हे पाणीच असेल असं धरून चालू नका. बाटलीत लघवी असते, कधी इंधन, कधी बॅटरीचं आम्ल. द्रव पिवळसर किंवा तेलकट असेल, फेस असेल, किंवा बाटली फुगून टणक झाली असेल तर झाकणाला हात लावू नका. ती उभीच एका कडक खोक्यात वेगळी ठेवा आणि धोकादायक कचरा म्हणून स्थानिक यंत्रणेकडे द्या. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. धातूचे नळकांडे, भडकदिवे (जहाजांवरून इशाऱ्यासाठी पेटवतात ते), अनोळखी डबे यांना स्पर्शही नको, जागा दाखवून पोलिसांना कळवा. स्वच्छ पाण्याच्या बाटल्या चेहऱ्यापासून लांब धरून उघडा आणि तिथेच वाळूत रिकाम्या करा. यात वेळ जातो, पण न ओतता भरलेल्या गोण्या गाडीपर्यंत पोचतच नाहीत. पुळणीवर अर्ध्यात टाकून दिलेली भरलेली गोणी पुढच्या भरतीला फुटते.

प्रश्न: गोळा केलेल्या बाटल्यांचं पुढे खरंच काही होतं का?

काहींचं होतं. जागेवरच तीन ढीग करा. पारदर्शक, अंगठ्याने दाबली तर आत जाऊन परत येणारी बाटली पहिल्या ढिगात. पिवळी पडलेली पण न तडकणारी दुसऱ्यात. दाबताच कडकन तडा जाणारी, किंवा बार्नॅकल या चिकटून राहणाऱ्या समुद्री जिवांच्या कवचांनी भरलेली तिसऱ्यात. ऊन, खारं पाणी आणि घासणं यांनी पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. बाटलीसाठी लांब साखळी लागते, धाग्यासाठी त्याहून आखूड चालते. म्हणून पहिला ढीग चांगल्या कामाला, दुसरा बहुधा धाग्याला, आणि तिसरा कोणी घेणार नाही, तो कचऱ्यातच द्यावा लागेल. हे आधीच मान्य केलं तर पहिला ढीग तरी वाचतो. सगळं एकत्र दिलं की सगळंच नाकारलं जातं, कारण वाळूने दळणयंत्राची पाती बोथटतात आणि मीठ यंत्र खातं. पहिले दोन ढीग गोड्या पाण्यात बुचकळून, झटकून, एक दिवस सावलीत तोंड खाली करून सुकवा. कार्यक्रमातलं उरलेलं पाणी या धुण्याला वापरा. बार्नॅकल लागलेली बाटली मात्र समुद्रात परत टाकू नका. त्यावरचे जीव दूरच्या पाण्यातून आलेले असू शकतात.

प्रश्न: बाटली कुठून आली ते ओळखता येतं का? आणि ती ४५० वर्षं टिकते हे खरं आहे का?

दुसऱ्याचं आधी. पेटच्या बाटलीचं पेटंट अमेरिकी अभियंते नॅथॅनिएल वायथ यांना १९७३ साली मिळालं. सगळ्यात जुन्या बाटलीला अजून साठ वर्षंही झालेली नाहीत, म्हणजे ४५० हा मोजलेला नव्हे, अंदाजलेला आकडा आहे. शिवाय बाटली नाहीशी होत नाही, तिचे तुकडे होत जातात.

कुठून आली ते बऱ्याचदा ओळखता येतं. लेबल गेलं तरी मानेवर किंवा खांद्यावर छापलेली तारीख बघा, तळाचे ठसे बघा, झाकणाच्या आतला शिक्का बघा. दक्षिण अटलांटिकमधल्या निर्मनुष्य इनॲक्सेसिबल बेटावर संशोधकांनी अशाच खुणा वाचल्या. २०१८ साली तिथे नव्याने आलेल्या बाटल्यांपैकी ८३ टक्के आशियात, त्यातही मुख्यतः चीनमध्ये तयार झालेल्या होत्या, आणि बहुतेक दोन वर्षांच्या आतल्या. इतक्या लवकर त्या आशियातून वाहत तिथे पोचणं शक्य नाही. त्या जहाजांवरून टाकलेल्या होत्या, असा निष्कर्ष निघाला. जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून बंदी आहे.

तुमच्या मोजणीच्या वहीत म्हणून तीन रकाने वाढवा: छापलेली तारीख, झाकण होतं की नव्हतं, आत पाणी होतं की नव्हतं. ताजी तारीख, घट्ट झाकण आणि आत निम्मं गोडं पाणी असलेल्या, कवच न चढलेल्या बाटल्या वरच्या रेषेवर जास्त निघाल्या, तर त्या समुद्राने बहुधा आणलेल्या नाहीत, तिथेच बसलेल्यांनी ठेवल्या आहेत. अशा ठिकाणी किनाऱ्यावरून परत जायच्या वाटेवर, पायऱ्यांच्या तळाशी, बादली आणि गोणी लावा.